भिंतीवरची तिसरी ओळ

त्या वर्षी रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी विद्वांस सरांच्या कार्यालयाचं कुलूप काढत असे. राजपथावर चष्म्याच्या दुकानाच्या वर पहिला मजला, दोन खोल्या. आधी खिडकी उघडायची. मग सरांच्या टेबलाची काच एकदा ओल्या आणि एकदा कोरड्या फडक्यानं पुसायची. मग कॅलेंडरवर कालच्या तारखेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढायची. त्यानंतर टपाल. रजिस्टर पाकीट हातानं फाडायचं नाही. पट्टी घालून एका कडेनं उघडायचं, आतला कागद आणि पाकीट एकाच टाचणीनं टाचायचं, आणि उजव्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख घालायची.

"आधी तारीख वाच, मग तक्रार वाच," असं सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तक्रार वाचून माणूस हलतो. तारीख वाचून माणूस कामाला लागतो."

पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन मी साताऱ्याला परतले होते. सनद यायची होती, म्हणून अजून काळा कोट नव्हता. सरांचे अशील बहुतेक औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार. त्यांचे करारनामे, हमीपत्रं, ग्राहकांच्या नोटिशींना द्यायची उत्तरं असं सगळं आमच्याकडे होई. हमीपत्रांचा मजकूर सर आता माझ्यावर सोपवत. मी लिहिलेले कागद निदान सहा प्रकारच्या यंत्रांबरोबर घरोघरी जात होते आणि मला त्याचा अभिमान वाटे.

एप्रिलमधल्या त्या सकाळी मी फडकं वाळत घालते आहे तोच जिन्यावर पावलं वाजली. प्रतापराव निकम. शेवयांची विजेवर चालणारी यंत्रं बनवत. पत्र्याची एक शेड, बारा कामगार. त्यांच्या हातात ग्राहक मंचाची नोटीस होती. पाकीट त्यांनी हातानंच फाडलं होतं आणि शिक्का मधोमध उभा चिरला होता.

"साहेब आले न्हाईत?"

"साडेनऊला येतात. बसा ना."

ते बसले नाहीत. सर येईपर्यंत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहिले.

सरांनी नोटीस वाचली. आधी तारीख, मग बाकीचं. शेरेवाडीच्या शालन हणमंत पिसाळ या बाईनं निकमांचं यंत्र नोव्हेंबरात घेतलं होतं. फेब्रुवारीत कणीक आत ढकलताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. तोंडावरची जाळी उचलली की मोटार आपोआप बंद पडेल, असं हमीपत्रात लिहिलं होतं. मोटार बंद पडली नव्हती.

ते हमीपत्र माझं होतं. 'आपोआप' हा शब्द निकमांना अवघड वाटला होता. तो मी आग्रहानं ठेवला होता.

"बाई शेवया कुणासाठी करते?" सरांनी विचारलं.

"विकते की. आसपासच्या चार गावांत जातात तिच्या शेवया."

"एकटीच करते?"

"एकटीनं कशा हुतील साहेब? बायका असणार हाताखाली."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ही त्यांची सवय मला माहीत झाली होती. वाट सापडली की त्यांना चष्मा लागत नसे.

"कल्याणी, ग्राहक कोण?"

मी पाठ केलेलं सांगितलं. धंद्यासाठी वस्तू विकत घेणारा कायद्याच्या लेखी ग्राहक नाही. पण स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरण्यासाठी घेतली असेल, तर तो ग्राहकच.

"आणि पगारी माणसं ठेवली असतील तर?"

"तर तो धंदा, असं म्हणता येईल."

"म्हणता येईल," सर हसले. "निकम, तुमच्या जाळीचा प्रश्न निघायच्या आधीच ही तक्रार मंचाच्या दारातून परत जाऊ शकते. बाई ग्राहक नाही, एवढंच आपण आधी मांडायचं."

निकम पहिल्यांदा खुर्चीवर बसले. "बोटं गेली हो तिची," ते हळूच म्हणाले.

"त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे."

"तिथं किती वर्सं जातील?"

"ते तिला तिच्या वकिलानं सांगायचं. तुम्ही नाही आणि मीही नाही." मग सर माझ्याकडे वळले. "उद्या शेरेवाडीला जाऊन ये. शेवया घ्यायला म्हणून जा. खोटं बोलू नकोस, खोदून विचारू नकोस. दिसेल ते लिहून आण. फक्त दिसेल ते."

शेरेवाडी एस. टी.नं पाऊण तासावर. थांब्यावर विचारलं तर एका म्हाताऱ्यानं नुसता हात दाखवला. घराच्या अंगणात दोन बाजांच्या मधे आडव्या काठ्या टाकून त्यांवर शेवया लोंबत होत्या आणि लांबून ते पांढऱ्या केसांचे झुपके वाटत होते.

ओसरीवर तिघी होत्या. एक परातीत कणीक मळत होती, दुसरी यंत्राखालून उतरणारा शेवयांचा झोत दोन्ही हातांवर झेलत होती, आणि तिसरी यंत्राच्या तोंडात कणकेचे गोळे लाटण्याच्या टोकानं दाबत होती. तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"शेवया मिळतील का?"

"मिळतील की. बस बाय, आत ये, उन्हाची आलीस," लाटणंवाली म्हणाली. ती शालन. पंचेचाळिशीची, रुंद कपाळाची. "रुक्साना, पाणी दे गं पोरीला."

"मी कणकेत हाय आक्का. सुलाकाकीला सांगा."

"सुलाकाकीच्या दोन्ही हातांवर शेवया हायत. काय सोडून देऊ व्हय खाली?"

तिघी हसल्या. शेवटी शालननंच तांब्या आणून दिला, डाव्या हातानं.

मी इकडंतिकडं पाहिलं. पाहायलाच तर आले होते. दाराजवळच्या भिंतीवर कोळशानं काढलेल्या उभ्या रेघा होत्या, एकीखाली एक अशा ओळींत, काही ठिकाणी पाचवी रेघ आडवी मारून गठ्ठा केलेला.

"या दोघी रोज येतात का कामाला?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"शेवयाचा घाणा असला की येत्यात."

"मग यांना काही देत असाल ना?"

"देतो की. न देऊन कसं चालंल? घाणा झाला की चार चार किलो शेवया दोघींना."

"अन् वर शिव्या," सुला म्हणाली. "ते पण सांग की."

मला जे हवं होतं ते पाच मिनिटांत मिळालं होतं. मी उठायला लागले तर शालननं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. ताज्या शेवया उकळून, गूळ आणि दूध घालून वाटी माझ्यासमोर आली. मी नको म्हटलं. "पहिल्यांदा दारात आलीस, तोंड कोरडं घेऊन जातीस व्हय?" ती म्हणाली. मी खाल्ल्या. फार चांगल्या झाल्या होत्या. दोन किलो विकत घेतल्या. तिनं वर एक मूठ टाकली.

एस. टी.त बसून मी सगळं वहीत उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी त्यातून माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. माझीच वाक्यं होती, जरा इस्त्री केलेली. दोन स्त्रिया तक्रारदाराकडे नियमित कामास येतात, त्यांना कामाच्या मोबदल्यात माल दिला जातो, भिंतीवर त्यांच्या हजेरीच्या खुणा आहेत. मी सही केली. "कोरीव काम आहे," सर म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी आपला जुना काळा कोट राजवाड्याजवळच्या शिंप्याकडे पाठवला, माझ्या मापाचा करून घ्यायला. शिंप्याची पावती माझ्याकडे दिली. "सनद आली की घेऊन ये."

मे महिन्यात मंचासमोर पहिली तारीख होती. सरांना दुसरीकडे उशीर झाला होता, म्हणून फाईल छातीशी धरून मी बाहेरच्या बाकाजवळ उभी होते.

"अगं, तू शेवया न्यायला आलीवतीस ती पोर न्हवं का?"

शालन होती. बरोबर ग्राहक संघटनेचे एक निवृत्त मास्तर, हातात कापडी पिशवी. बाईला वकील नव्हता.

"कशा झाल्या मग शेवया? मोडल्या तर न्हाईत शिजताना?"

"नाही. छान झाल्या."

"इथं नोकरीला हायस व्हय तू?"

"हो," मी म्हणाले. "तसंच." फाईल उलटी करून धरली, म्हणजे वरचं नाव दिसू नये.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पदरानं वारा घेत बाकावर टेकली आणि उलट माझ्याशीच तक्रार करू लागली. "आज नेमकी सुलाच्या घरची पाळी. तिचं पापड लाटायचं. मी हितं येऊन बसली, रुक्साना एकटीच गेली तिच्याकडं. आता माझा दिवस अंगावर ऱ्हायला. सुला बोलायची न्हाई, पण मला बरं वाटतंय व्हय?"

"तुम्ही जाता सुलाबाईंकडे? कामाला?"

"मग? ती येती माझ्याकडं अन् मी काय घरात लोळती?" ती हसली. "सावड हाय आमची. आज तिघी माझ्यात, उद्या तिघी सुलाच्यात, परवा रुक्सानाच्यात. तिच्या कुरडया असत्यात. जिच्यात काम, तिनं दुसऱ्या दोघींना चार चार किलो द्यायचं. तुमच्यात असतीय का न्हाई ठावं न्हाई."

आमच्यात नव्हती. म्हणजे माझ्या घरात नव्हती. आम्ही शेवया दुकानातून आणत असू. पण माझ्या आत्याच्या गावी भाताच्या लावणीला सगळी आळी एकमेकांच्या खाचरात उतरते, आज याच्या, उद्या त्याच्या, कुणी कुणाचा मजूर नसतो, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. शेतात पाहिलं होतं; ओसरीवर ओळखलं नाही.

सर आले. सुनावणी दहा मिनिटांत संपली. मास्तरांनी आमच्या मुद्द्याला उत्तर म्हणून एकच वाक्य लिहून आणलं होतं, की हे म्हणणं खोटं आहे. पुरावा काहीच जोडला नव्हता. जी गोष्ट गावात सगळ्यांना माहीत, ती कागदावर मांडावी लागते हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. बाई ग्राहक आहे की नाही एवढ्याच प्रश्नावर पुढच्या तारखेला, म्हणजे बावीस दिवसांनी, निर्णय होणार होता. नाही असं ठरलं तर यंत्राची जाळी मंचासमोर कधी उघडलीच जाणार नव्हती. शालननं हजेरीपत्रकावर डाव्या हातानं सही केली. तीन अक्षरांना तिला बराच वेळ लागला.

जिना उतरताना सर म्हणाले, "तुझं प्रतिज्ञापत्र अध्यक्षांनी दोनदा वाचलं, पाहिलंस ना?"

मी पाहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण एकाही दिवशी मी एका जागी दहा मिनिटं बसले नाही. टपाल उघडताना पट्टी कागदात गेली आणि एका नोटिशीचा कोपरा कापला. एकच उत्तर तीनदा टाइप केलं. घरी आई म्हणाली, "सारखी उठतेस काय, बस ना," तेव्हा मी तिच्यावर ओरडले. मनात एकच चित्र येत होतं, ती भिंत. पुन्हापुन्हा मी त्या रेघा मोजायचा प्रयत्न करीत असे आणि ओळी किती होत्या तेच आठवत नसे.

त्यातच एकदा निकम आले. सरांसमोर बसून म्हणाले, "नव्या यंत्रांत जाळीखालचा स्विच बदललाय साहेब. जुना तापला की चिकटतोय."

"हे वाक्य या खोलीत राहील," सर म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "या खोलीतच."

ते मी त्या खोलीतच ठेवलं. अशिलाचा विश्वास म्हणजे काय हे मला शिकवलेलं होतं आणि ते मला पटलेलंही होतं. आज निकम नाहीत, त्यांचा कारखाना नाही, आणि या गोष्टीतली नावंही खरी नाहीत. म्हणून हे इथं लिहिते आहे.

रविवारी मी न सांगता शेरेवाडीला गेले. शालनच्या घराला कडी होती. शेजारच्या मुलाण्यांच्या, म्हणजे रुक्सानाच्या, अंगणात तिघी बसल्या होत्या. मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजत होता, रुक्साना ढवळत होती, सुला सोऱ्यात भरत होती आणि शालन डाव्या हातानं सोऱ्या फिरवून प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होती. उजव्या हाताची उरलेली बोटं सोऱ्यावर नुसती टेकवलेली. प्रत्येक कुरडई जरा वाकडी पडत होती.

"आक्का, ही कुरडई हाय का जिलबी?" रुक्साना म्हणाली.

"तुझ्या सासूला दाखव, तिला चष्मा लागलाय."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"शालनताई, तुमच्या भिंतीवर त्या कोळशाच्या रेघा आहेत. त्या ओळी किती आहेत?"

"तीन," ती म्हणाली. प्रश्न तिला चमत्कारिक वाटला असावा. "कोण कुणाच्यात किती दिवस गेली त्याच्या. भांडाण नको म्हणून."

"एक सुलाबाईंची, एक रुक्सानाताईंची. आणि तिसरी?"

"माझी. मी काय ह्यातनं सुटली व्हय?"

मालकीण स्वतःची हजेरी कशाला मांडेल? तीन ओळी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि मला दोन बायका आणि एक मालकीण एवढंच दिसलं होतं.

मी तिला सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, की मी मंचात नोकरीला नाही, मी कंपनीच्या वकिलांकडे आहे, त्या दिवशी मला पाहायला पाठवलं होतं, आणि तिच्या विरुद्ध जो कागद दाखल झाला आहे त्याच्यावर सही माझी आहे.

पातेल्यातला चीक फदफदत होता. ढवळायचं रुक्सानाच्या ध्यानात राहिलं नाही.

"तो मजुरांचा कागद?" शालननं विचारलं. "मास्तरांनी वाचून दाखवला त्यो?"

"हो."

"म्हंजे तू लिवलास."

"हो."

तिनं सोऱ्या खाली ठेवला. हात फडक्याला पुसला, आधी डावा, मग उजवा, सावकाश.

"आन् तू खाल्ल्यास त्या शेवया? त्या पण लिवल्यास का त्यात?"

"नाही."

"लिवायच्या हुत्या," ती म्हणाली. "समद्याच लिवायच्या हुत्या मग." आणि तिनं सोऱ्या पुन्हा उचलला. सुलानं पातेल्याकडे बोट दाखवून रुक्सानाला म्हटलं, "खाली लागंल, हलव." त्यानंतर माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि जा असंही म्हणालं नाही. एस. टी. यायला तासभर अवकाश होता. मी थांब्यावर उन्हात येरझारा घालत राहिले.

सोमवारी सरांना सांगितलं.

"सर, ती मजुरी नाही. सावड आहे. बाई स्वतः त्या दोघींकडे तितकेच दिवस जाते."

"कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं. काल गेले होते."

सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"प्रतिज्ञापत्र काढ. त्यातला खोटा शब्द दाखव."

मी फाईल उघडली. कामास येतात, हे खरं होतं. माल दिला जातो, तेही खरं होतं.

"बघ," सर म्हणाले. "आपण खोटं लिहिलेलं नाही. उरलेलं सांगायची जबाबदारी त्यांची. ते सांगत नसतील तर आपण त्यांच्यासाठी सांगायचं नसतं. कल्याणी, निकमांच्या शेडमध्ये बारा घरं जेवतात. तो माणूसही वाईट नाही."

"नाही."

"मग?"

"हा शब्द," मी बोट ठेवलं. "हजेरी. तुम्ही म्हणाला होतात, फक्त दिसेल ते लिही. मला रेघा दिसल्या होत्या, सर. हजेरी मी लिहिली."

सरांनी चष्मा लावला. तो शब्द वाचला. मग फाईल मिटून माझ्याकडे सरकवली.

"सनद तीन आठवड्यांत येईल तुझी," ते शांतपणे म्हणाले. "या गावात वकील दोनशे आहेत आणि कारखानदार त्याहून कमी. पहिलंच पाऊल अशिलाच्या विरुद्ध पडलं, हे कुणी विसरणार नाही. मी विसरलो तरी. विचार कर."

मी विचार केला. खरं तर विचार नव्हताच तो. एकाच गोष्टीभोवती नुसतं फिरणं होतं. स्विचबद्दल मला बोलता येणार नव्हतं आणि मी बोलणार नव्हते. ते गुपित निकमांचं होतं. पण सही माझी होती. ती निकमांची नव्हती, सरांची नव्हती. शपथेवर जे सांगितलं ते मी सांगितलं होतं, आणि ते अर्धं होतं हे आता मला माहीत होतं. तारखेला अकरा दिवस उरले, मग नऊ, मग सहा. रोज सकाळी कॅलेंडरवर तिरकी रेघ ओढली की मी उरलेले चौकोन मोजत असे.

सहा दिवस उरले तो गुरुवार होता.

त्या सकाळीही मी नऊ वाजून दहा मिनिटांनी कुलूप काढलं. खिडकी उघडली. काच ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. कालच्या तारखेवर रेघ ओढली. टपालात दोन पाकिटं होती. पट्टी घालून उघडली, टाचली, तारीख घातली. मग पिशवीतून माझा कागद काढला. आदल्या दिवशी घरीच लिहिला होता, हातानं, आणि पोवई नाक्यावरच्या नोटरीसमोर शपथेवर सही केली होती. दीड पान. आधीच्या प्रतिज्ञापत्रात मी 'हजेरीच्या खुणा' असं लिहिलं ते माझं अनुमान होतं, मी पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरच्या ओळी तीन होत्या, आणि तिसरी तक्रारदाराची स्वतःची, असं तिनं मला सांगितलं. अमुक तारखेला मी तक्रारदाराला रुक्साना मुलाणी यांच्या अंगणात त्यांचं काम करताना पाहिलं. ज्या दिवशी मी पाहणीला गेले त्या दिवशी मी कोण आहे हे तिला सांगितलं नाही, आणि तिच्या घरी शेवया खाल्ल्या. यंत्राविषयी एक शब्द नव्हता.

एक प्रत सरांच्या टेबलावर, काचेच्या बरोबर मध्ये ठेवली. तिच्यावर कार्यालयाच्या किल्ल्या. किल्ल्यांखाली शिंप्याची पावती. सर यायला आठ मिनिटं होती. थांबावं असं एकदा वाटलं; मग वाटलं, थांबले तर ते बोलतील, आणि ते फार चांगलं बोलतात. मी दार लोटून घेतलं आणि खाली उतरले. चष्म्याच्या दुकानदाराला म्हटलं, वर दार उघडं आहे, सर येईपर्यंत लक्ष ठेवा.

मंचाचं कार्यालय साडेदहाला उघडलं. टपाल घेणाऱ्या गोसावींनी माझ्याकडे नेहमीसारखं मान हलवून पाहिलं.

"आज लवकर? विद्वांस साहेबांचं काय आहे?"

"त्यांचं नाही. माझं आहे."

त्यांनी कागद घेतला. पहिला परिच्छेद वाचला आणि वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मग फाईल शोधून आणली.

"घ्यायचं की नाही ते साहेब ठरवतील. मी फक्त आवक करतो."

"चालेल."

"पण लावू कुठं? तक्रारदाराच्या बाजूला की सामनेवाल्यांच्या?"

"माझं आधीचं जिथं आहे, त्याच्या पाठीला लावा."

गोसावींनी पानं उलटली. माझं आधीचं प्रतिज्ञापत्र सापडलं. नव्या कागदाला भोकं पाडली, दोरा ओवला, गाठ मारली, कोपऱ्यात पान क्रमांक घातला. मग माझ्या प्रतीवर शिक्का उमटवून ती माझ्यापुढे केली.

शाई ओली होती. मी आधी तारीख वाचली.